छातीत पाणी, एकाच बाजूला, तिसऱ्यांदा: जुन्या लॅगिंगवाल्यांच्या घरच्यांनी वाचावं

सातपूरकर_धाकटा | ७ जून, रात्री ११.१०

नमस्कार मंडळी. चार वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

वडील ७१ वर्षांचे. १९७६ ते १९९८ लॅगिंगचं काम केलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बॉयलर आणि वाफेचे पाइप बाहेरून तापू नयेत, वाफ थंडावू नये म्हणून त्यांच्यावर आवरण चढवतात. तेव्हा ते ॲस्बेस्टॉसचं असायचं. पांढरी दोरी गुंडाळायची, पावडर पाण्यात कालवून लिंपायची, वरून ॲल्युमिनियमचा पत्रा. नवं चढवण्यापेक्षा जुनं तोडताना धूळ जास्त. शटडाऊन (दुरुस्तीसाठी कारखाना बंद) लागला की महिना-महिना बाहेरगावी. कायमची नोकरी कधीच नव्हती, सगळं ठेकेदाराकडे.

संध्याकाळी नाशिकच्या पपया नर्सरी थांब्याला बसमधून उतरायचे तेव्हा भुवया पांढऱ्या असायच्या. आम्ही भावंडं त्यांना पीठगिरणीवाले म्हणायचो. आई त्यांची पँट आधी ओट्यावर आपटून झटकायची, मग भिजवायची. "नाहीतर बादलीत गाळ बसतो" म्हणायची.

गेल्या दिवाळीपर्यंत दर रविवारी पांडवलेणी चढायचे. दिवाळीनंतर अर्ध्यावर बसायला लागले. मग पायथ्याशीच चहा घेऊन परत यायला लागले. आम्ही म्हटलं, वय झालं. पट्टा दोन भोकं आत गेला, तरी आम्ही म्हटलं, बरंच झालं, पोट कमी झालं. उजव्या बरगडीत एक बोथट दुखणं होतं, खांद्यापर्यंत जायचं. त्याला बाम.

डिसेंबरात एक्स-रे काढला तर उजवीकडे पाणी. सव्वा लिटर काढलं, कोकमच्या पाण्यासारखं लालसर. टीबीचे जंतू त्यात मिळाले नाहीत, पण छातीत पाणी म्हणजे टीबी असं गृहीत धरून गोळ्या सुरू झाल्या. फेब्रुवारीत पुन्हा पाणी, त्याच बाजूला. एप्रिलमध्ये तिसऱ्यांदा. तोपर्यंत दोन दवाखाने झाले होते आणि दोन्हीकडच्या केसपेपरवर व्यवसायापुढे एकच शब्द: निवृत्त.

तिसऱ्या ठिकाणी एका तरुण डॉक्टरांनी विचारलं, "काका, निवृत्त कशातून झालात?" वडील म्हणाले, लॅगिंग. डॉक्टरांना शब्द कळला नाही. तेव्हा वडिलांनी गळ्यातलं उपरणं काढून डाव्या हाताला कोपरापर्यंत घट्ट गुंडाळून दाखवलं. "हा पाइप समजा. आणि ही दोरी."

मग सीटी स्कॅन, दुर्बिणीतून फुप्फुसाच्या आवरणाचा तुकडा, आणि रिपोर्ट: मेसोथेलिओमा. फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर.

कुणावर राग काढायला हे लिहीत नाही. त्यांच्याबरोबर पन्नासेक माणसं काम करायची. सातपूर, अंबड, सिडको, नाशिकरोडला राहणारी. त्यांच्या मुलासुनांपैकी कुणी हे वाचत असेल तर वाचावं म्हणून.

---

गोदाकाठची_मैना | ७ जून, रात्री ११.४२

वाचून सुन्न झाले. बाबांना आराम पडो.
"निवृत्त" वाचून आमच्या अण्णांचा केसपेपर आठवला. त्यावरही तेच आहे.

---

स्पष्टवक्ता | ८ जून, सकाळी ८.०५

वाईट वाटलं. पण एक विचारतो, राग मानू नका. आमच्या तीन पिढ्या सिमेंटच्या पत्र्याखाली गेल्या. आजी ९१ वर्षांची होऊन गेली. शाळेच्या प्रयोगशाळेत तिपाईवर जी जाळी असायची तिच्या मधोमध हेच ॲस्बेस्टॉस. मग अर्धं नाशिक आजारी पडायला हवं होतं. आजकाल कशानेही कॅन्सर होतो म्हणतात. शिवाय मी वाचलंय की पांढरं ॲस्बेस्टॉस निर्धोक असतं, निळं तेवढं वाईट.

---

श्वासयात्री | ८ जून, दुपारी २.३०

मी छातीचा डॉक्टर आहे. कुणाचा रिपोर्ट इथे बघणार नाही, पण सर्वसाधारण सांगू शकतो.

स्पष्टवक्ता, पत्र्याखाली झोपणं आणि पत्रा कापणं यात जमीन-अस्मानाचा फरक. पत्र्यात तंतू सिमेंटने बांधलेले असतात. तंतू हवेत उडाला, श्वासातून आत गेला आणि तिथेच अडकून राहिला, की गडबड. तो विरघळत नाही, शरीराला तो पचवता येत नाही. वर्षानुवर्षं तिथे दाह चालू राहतो. लॅगिंगवाले, जहाजतोडणीवाले, ॲस्बेस्टॉस विणणारे, पत्र्याच्या कारखान्यातले, ब्रेक लायनरवाले यांच्या छातीत गेलेली मात्रा आणि तुमच्या आजींच्या छातीतली मात्रा, तुलनाच नको.

"पांढरं निर्धोक" हे विकणाऱ्यांचं म्हणणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पांढरं, तपकिरी, निळं, सगळेच प्रकार माणसात कॅन्सर करणारे म्हणून पहिल्या गटात टाकलेत. फुप्फुस, आवरण, स्वरयंत्र आणि स्त्रियांमध्ये बीजकोश. ब्रिटनने निळं-तपकिरी १९८५ ला आणि पांढरं १९९९ ला बंद केलं. आपल्याकडे खाणी बंद झाल्या, पण पांढरं बाहेरून येतं आणि पत्रे बनतात.

सातपूरकर, एक्स-रेत पाणी दिसायच्या आधीचं तुम्ही जे लिहिलंत, तेच आम्हाला बहुतेकदा ऐकायला मिळत नाही. चढावर हळूहळू वाढणारा दम. एका बाजूचं, सुईसारखं नव्हे तर बोथट आणि हटून बसलेलं दुखणं. कारण नसताना उतरणारं वजन. कोरडा खोकला असतोच असं नाही. रात्री घाम येतो, थकवा येतो. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल, थुंकीतून रक्त येत असेल तर तेही सांगावं. आणि एक प्रकार पोटाच्या आवरणाचा असतो. हातपाय काडीसारखे आणि पोट मात्र फुगत चाललेलं, लोक त्याला गॅस म्हणतात.

यातलं प्रत्येक लक्षण दहा साध्या आजारांतही असतं. त्यामुळे नुसती लक्षणं पाठ करून उपयोग नाही. लक्षण अधिक जुनं काम, अशी बेरीज करायची. आणि ती बेरीज पेशंटलाच करावी लागते, कारण मधे तीस-चाळीस वर्षं गेलेली असतात. काम सुरू झाल्यापासून वीस वर्षांच्या आत हा आजार फारसा दिसत नाही. १९७६ ला आत गेलेला तंतू आज बोलतोय.

---

द्वारकेचा_मिस्त्री | ८ जून, रात्री ९.१५

डॉक्टर साहेब, ब्रेक लायनर म्हणालात म्हणून विचारतो. आपल्या द्वारका चौकाजवळ तीस वर्षं ट्रकचं काम केलं. ड्रम उघडला की आधी हवा मारायची, सगळी काळी धूळ तोंडावर. मग नवे लायनर रिव्हेट मारून बसवायचे, घासून लेव्हल करायचे. मास्क कसला, तोंडात बिडी असायची. आता ६३ चालू आहे. खोकला आहे पण तो बिडीचा आहे.

---

श्वासयात्री | ८ जून, रात्री १०.०२

मिस्त्री काका, "बिडीचा खोकला" हे निदान तुम्ही स्वतःच करून टाकलंत.

बिडी आणि ॲस्बेस्टॉस यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. अमेरिकेत १९७९ साली लॅगिंगवाल्यांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन्हींपासून लांब असलेल्या माणसाच्या तुलनेत फुप्फुसाच्या कॅन्सरने मरण्याचा धोका नुसत्या ॲस्बेस्टॉसने सुमारे ५ पट, नुसत्या सिगारेटने सुमारे ११ पट, आणि दोन्ही असतील तर ५० पटींच्याही वर. मेसोथेलिओमाचा मात्र धूम्रपानाशी संबंध नाही. निर्व्यसनी माणसालाही होतो. "बाबांनी कधी सुपारीसुद्धा खाल्ली नाही" म्हणून घरचे गाफील राहतात ते इथेच.

ब्रेकच्या धुळीत गरम होऊन बराच तंतू बदललेला असतो, त्यामुळे गॅरेजवाल्यांचा धोका लॅगिंगवाल्यांइतका नाही. पण हवा मारणं, लायनर घासणं आणि वर तीस वर्षांची बिडी. छातीचा फोटो काढा. बिडी आज सोडलीत तरी फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वर्षागणिक उतरत जातो. आत गेलेला तंतू काढता येत नाही, बिडी काढता येते.

घरी एक बघा. दोन्ही हातांच्या तर्जनी वाकवून नखाला नख, पाठीला पाठ लावून धरा. मधे चौकटीच्या आकाराची छोटी फट दिसली पाहिजे. फट बुजली असेल, बोटांची टोकं ढोलकाच्या काठीसारखी फुगली असतील तर दाखवायला या. ॲस्बेस्टॉसने फुप्फुस कडक होऊन आकसतं (ॲस्बेस्टॉसिस) तेव्हा आणि फुप्फुसाच्या कॅन्सरमध्येही असं होतं. हृदयाच्या, यकृताच्या काही आजारांतही होतं. फट दिसली म्हणजे सगळं ठीक, असा मात्र अर्थ काढू नका.

---

गोदाकाठची_मैना | ८ जून, रात्री १०.२०

घरातल्या सगळ्यांनी नखाला नख लावून बघितलं आत्ता :) सासूबाईंनी तर दिव्याखाली धरून.

---

फौंड्रीवाला_अंबड | ९ जून, सकाळी ७.१०

आमच्याकडे वाळूची धूळ. तेच का हे?

---

श्वासयात्री | ९ जून, सकाळी ७.५५

नाही. तुमची सिलिका. तिने सिलिकोसिस होतो, टीबीचा धोका वाढतो आणि तिनेही फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो. मेसोथेलिओमा नाही. त्यावर वेगळा धागा काढा, मी लिहीन. काम सांगायचा नियम तुम्हालाही तोच.

---

निफाडकर | ९ जून, दुपारी १.४०

इथे कांदाचाळीचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्या पट्ट्यात चाळीवर सिमेंटचाच पत्रा. लोखंडी पत्रा तापतो, कांदा सडतो, काजळी धरते. गारपीट झाली की फुटतात. दोन वर्षांपूर्वी माझ्या चाळीचे चौदा पत्रे फुटले. नवे आणले, लांबीला जास्त होते म्हणून पोराने कटर लावला. अर्ध्या तासात पोरगं, टॅक्टर, शेजारची तुळस, सगळं पांढरं. जुने तुकडे अजून बांधावर पडलेत, त्यातले काही वाटेवरच्या चिखलात भरले. बैलगाडी, टॅक्टर त्यावरून रोज जातं.

आता काय करू?

---

पत्रे_आणि_पावसाळा | ९ जून, दुपारी ४.२५

माझं शेड उभारणीचं काम आहे, वीस वर्षं. निफाडकर दादा, पहिली गोष्ट म्हणजे एका दुपारच्या कटरने पोराला काही होईलच असं मनात आणू नका. पुन्हा मात्र करू नका.

सुका पत्रा कटरने कापायचा नाहीच. कारखान्यातून हव्या त्या लांबीत मिळतो, नाहीतर चढवताना जास्तीचा एकावर एक घ्या. कापायचाच झाला तर पाणी मारत हातकरवतीने, उघड्यावर. तोंडाला नुसता रुमाल बांधून फायदा शून्य. तंतू इतका बारीक की कापडातून आरपार. एन-९५ सुद्धा ॲस्बेस्टॉसला पुरेसा धरत नाहीत, पी-१०० किंवा एफएफपी-३ मास्क लावा, गालाला घट्ट बसलेला. जुना उतरवताना ओला करा, बोल्ट सोडवून अख्खा खाली घ्या, वरून फेकू नका. झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने टिपायचं. वाटेतले तुकडे आता पावसात ओले असतानाच वेचा, जाड प्लास्टिकच्या गोणीत बांधा. आणि शेवाळ काढायला पत्र्यावर तारेचा ब्रश मारतात, तो बंद.

कामगारांना हे सांगितलं की हसतात, हेही खरं. "शेठ, एवढ्याने काय होतंय." मीसुद्धा वीसातली पंधरा वर्षं कटरच चालवला.

---

स्पष्टवक्ता | ९ जून, संध्याकाळी ६.००

माझा मुद्दा अर्धा मागे घेतो. अर्धाच. पत्र्याखाली राहणाऱ्यांना उगाच घाबरवू नका एवढंच म्हणणं होतं, ते डॉक्टरांनीच सांगितलं.

पण सातपूरकर, टीबीच्या गोळ्या दिल्या त्यात त्या डॉक्टरांचं चुकलं कुठे? आपल्याकडे पाणी म्हणजे दहात नऊ वेळा टीबीच निघत असेल.

---

श्वासयात्री | ९ जून, रात्री ९.३०

आकडा तुमचा, पण प्रश्न रास्त. आपल्याकडे एका बाजूला पाणी दिसलं की टीबीचा विचार पहिला येणं बरोबरच आहे. अडचण दुसऱ्या वेळी सुरू होते.

टीबीच्या पाण्यात जंतू सापडत नाहीत, हे नेहमीचंच. म्हणून त्या पाण्यातलं एडीए नावाचं द्रव्य मोजतात. ते चांगलं वाढलेलं असेल तर पारडं टीबीकडे झुकतं. आणि टीबीचं पाणी औषधावर ओसरतं, माणूस खायला लागतो, वजन धरतो. औषध नियमित चालू असून पाणी पुन्हा भरतंय, वजन उतरतंच आहे, पाणी लालसर आहे, तर तिथे थांबून पुन्हा विचार व्हायला हवा. नुसत्या पाण्याच्या तपासणीत मेसोथेलिओमा अनेकदा सापडत नाही. "पाण्यात कॅन्सरच्या पेशी नाहीत" या रिपोर्टवर निर्धास्त होऊ नका. आवरणाचा तुकडा लागतो, छातीत दुर्बीण घालून (थोरॅकोस्कोपी) घेतलेला. त्यावर पुन्हा विशेष रंगाच्या चाचण्या लागतात, कारण सूक्ष्मदर्शकाखाली हा आजार दुसऱ्या कॅन्सरसारखा दिसू शकतो.

टीबीच्या गोळ्या हा धागा वाचून कुणी आपल्या मनाने बंद करू नयेत. डॉक्टरला विचारायचं वाक्य सोपं आहे: "तुकडा काढून तपासायचा का? ह्यांनी ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलंय."

---

सातपूरकर_धाकटा | १० जून, रात्री १२.१५

सगळ्यांचे आभार. एक प्रश्न चार दिवस घशात अडकलाय. आईचं काय? बावीस वर्षं तिने ती पँट झटकली.

---

श्वासयात्री | १० जून, सकाळी ८.४०

तो प्रश्न योग्य आहे आणि जुनाही. दक्षिण आफ्रिकेत १९६० साली वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी मेसोथेलिओमाचे ३३ रुग्ण नोंदवले. त्यातले कित्येक खाणीत कधी उतरलेच नव्हते, लहानपणी खाणीच्या आसपास राहिलेले. १९६५ ला लंडनच्या अभ्यासात कामगारांच्या घरच्या बायका सापडल्या, धुळीचे कपडे धुणाऱ्या.

आईंना काही त्रास नसेल तर घाबरून दर महिन्याला स्कॅन करू नका. मेसोथेलिओमा आधीच पकडेल अशी खात्रीची चाळणी चाचणी आज नाही. एकदा छातीचा फोटो काढा, जवळच्या छातीच्या डॉक्टरांच्या वहीत त्यांचं नाव आणि "घरी ॲस्बेस्टॉसचे कपडे" एवढी नोंद करून ठेवा. फोटोत आवरणावर पांढरे चट्टे दिसले तर ते कॅन्सर नव्हेत आणि त्यांचा कॅन्सर होतही नाही. तंतू आत गेल्याची ती पावती, एवढंच.

---

युनियनवाले_काका | १० जून, सकाळी ११.२०

सुप्रीम कोर्टाचा २७ जानेवारी १९९५ चा निकाल आहे. ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा नोकरी सुटल्यानंतर १५ वर्षं, यात जे उशिराचं असेल तोपर्यंत जपून ठेवायची. कामगारांना राज्य विम्याचं (ईएसआय) किंवा तसं संरक्षण द्यायचं. ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा कॅन्सर आणि मेसोथेलिओमा व्यवसायजन्य आजारांच्या यादीत आहेत. ॲस्बेस्टॉसिस तर कायद्याने सरकारला कळवायचा आजार.

धाकटे, वडिलांचे कागद आहेत का?

---

सातपूरकर_धाकटा | १० जून, दुपारी ३.०५

काका, कागद कुठले. ठेकेदार वारला, त्याच्या मुलाचं आता मंगल कार्यालय आहे. वडिलांच्या हजेरीची नोंद शेवगा विकणाऱ्याच्या हिशेबासारखी, पाठकोऱ्या कागदावर.

---

युनियनवाले_काका | १० जून, दुपारी ३.४०

तरी शोधा. गेटपास, पीएफची चिठ्ठी, विम्याचं जुनं कार्ड, शटडाऊनच्या वेळचा एखादा ग्रुप फोटो. बरोबर काम केलेल्या दोघातिघांचे जबाब. आणि बायोप्सीच्या रिपोर्टसोबत डॉक्टरांकडून कामाचा इतिहास लेखी घ्या. "निवृत्त" खोडून.

---

सातपूरकर_धाकटा | २९ जून, रात्री १०.५०

उशिरा लिहितोय, पहिलं केमो झालं. त्याआधी आठवडाभर फॉलिक ॲसिड आणि बी-१२ चं इंजेक्शन असतं, ते कुणी चुकवू नका. पाणी पुन्हा भरू नये म्हणून आवरण चिकटवून टाकलंय. दम बराच कमी आहे. डॉक्टरांनी किती दिवस वगैरे सांगितलं, ते इथे लिहीत नाही. वडिलांना माहीत आहे. आईचा फोटो स्वच्छ आला.

काकांनी सांगितलं म्हणून ट्रंक उपसली. १९८३ चा एक गेटपास मिळाला, लॅमिनेशन केलेला, फोटोत मिशा. आणि वडिलांची खिशातली डायरी. त्यात बरोबरच्या माणसांची नावं, कुणी किती उसने नेले त्यासकट. वडील पडल्या पडल्या एकेक नाव सांगतात, मी फोन लावतो. अकरा नावं झाली. चार जण गेलेत. त्यातल्या दोघांच्या घरचे म्हणाले, "छातीत पाणी झालं होतं, टीबी होता." एक जण पाथर्डी फाट्याला मुलीकडे आहेत, त्यांना जिना चढवत नाही. रविवारी जातोय. वडिलांनी निरोप दिलाय: त्याला म्हणावं चाळीस रुपये राहू दे, आधी फोटो काढ.

---

द्वारकेचा_मिस्त्री | ३० जून, सकाळी ६.३०

मीपण काढला काल. रिपोर्ट गुरुवारी. केसपेपरवर पोरीने मिस्त्री लिहिलं होतं, मी पुढे ब्रेक लायनर लिहायला लावलं.